मावशी आमचं टपाल घ्यायच्या

सांगलीला आम्ही ज्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो, तिथं आमचं टपाल थेट आमच्या हातात क्वचितच पडलं. पोस्टमन यायचा भर कामाच्या वेळी. आमचे हे सकाळीच सायकल काढून माधवनगरच्या गिरणीत जायचे, तिथल्या ऑफिसात ते कारकून होते. मी दोन्ही पोरांना घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या बालवाडीत. थोरला तिथं लागूनच असलेल्या शाळेत जायचा, धाकटी तिथं सतरंजीवर झोपायची आणि मी शिकवायची. घराला कुलूप. मग पोस्टमन सायकलवर बसूनच एक पाय पायरीला टेकवायचा, घंटी वाजवायचा, आणि ओसरीवरून घरमालकीण उठून यायच्या.

त्यांना आम्ही मावशी म्हणायचो. नात्यागोत्याच्या कुणी नव्हत्या. रहिमतपूरच्या बाजूच्या खेड्यातल्या. नवरा मिलिटरीत होता, तिथून सुटल्यावर गिरणीत पहारेकरी झाला आणि निवृत्तीच्या पैशांतून त्यानं या चार खोल्या बांधल्या. दोन त्यांच्या, दोन आमच्या, मध्ये अंगण आणि अंगणात एकच नळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा, तोही मिलिटरीतच. सून आणि नातवंडं सुनेच्या माहेरी रहिमतपूरला, कारण इथं ठेवायला जागा नव्हती. हे मला माहीत होतं, पण तेव्हा त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

मावशींना अक्षर ओळखता येत नव्हतं. पण टपालाची ओळख त्यांना माझ्यापेक्षा चांगली होती. वाईहून माझ्या वडिलांचं कार्ड आलं की जांभळ्या शाईवरून ओळखायच्या आणि मी फाटकातून आत येते न येते तोच म्हणायच्या, "तुज्या बापाचं आलंय. लय बारीक लिवलंय ह्या टायमाला, कायतरी बिनसलं असंल." आणि बहुतेक वेळा खरंच काहीतरी बिनसलेलं असायचं. निळं पत्र म्हणजे यांच्या भावाचं. हळदीकुंकवाचं पाकीट म्हणजे लग्न. कोपरा फाटलेलं कार्ड मात्र त्या घरात ठेवायच्या नाहीत. यांची आत्या वारली तेव्हा ते कार्ड पदराआड धरून मावशी भर उन्हात बालवाडीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, पायांत चप्पल नव्हती. बाकी सगळं टपाल देवाच्या फळीवर, समईच्या मागं. अक्षर म्हणजे सरस्वती, ते भुईवर ठेवायचं नाही, हा त्यांचा कायदा.

दुसरा कायदा मिलिटरीच्या कागदांचा. मावशींच्या खोलीत एक हिरवी लोखंडी ट्रंक होती. नवऱ्याचे सुटल्याचे कागद, त्यांच्या स्वतःच्या पेन्शनचे कागद, मुलाचे कागद, सगळं तिच्यात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. सरकारी शिक्क्याचं जे काही घरात येई त्यावर त्या कुंकवाचं एक बोट उमटवायच्या आणि ट्रंकेत टाकून कडी लावायच्या. "मिल्ट्रीच्या कागुदाला पानी लागू नये, उंदीर लागू नये आन परक्याची नजर लागू नये," म्हणायच्या. मुलगा रजेवर आला की ट्रंक उघडायचा, वाचायचं ते वाचायचा, फेकायचं ते फेकायचा. तोवर कुणी हात लावायचा नाही.

एके दिवशी आमचे हे दुपारीच घरी आले. सायकल भिंतीला न टेकवता अंगणातच आडवी टाकली. एवढा शिस्तीचा माणूस सायकल टाकतो म्हटल्यावर मी हातातलं काम टाकून बाहेर आले. मला वाटलं, गिरणीत काही झालं.

झालं होतं ते वेगळंच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोर्टात कारकुनी करणारे एक गृहस्थ राहायचे. त्यांनी यांना पानपट्टीवर गाठून अगदी आपुलकीनं विचारलं, "मग, जागा कुठं बघितलीत?" हे म्हणाले, "कसली जागा?" तर ते म्हणाले, "अहो, हुकूमनामा झालाय ना तुमच्यावर. खोल्या खाली करण्याचा. तुम्ही तारखेला हजरच राहिला नाहीत, एकतर्फी झाला." यांना आधी वाटलं, गृहस्थ नावात चुकतायत. पण नाव आमचं, घर आमचं, गल्ली आमची.

"दावा केलाय कुणी?" मी विचारलं.

यांनी ओसरीकडं पाहिलं. मावशी भिंतीला टेकून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. आमची धाकटी त्यांच्या मांडीवर बसून दाणे खात होती, आणि दर दोन दाण्यांनंतर मावशी तिचं तोंड पदरानं पुसत होत्या.

माझ्या रागाबद्दल आमच्या घरात अजून थट्टा चालते. मला पोटात काही ठेवता येत नाही, दुधासारखी उतू जाते, असं हे म्हणायचे. मी तशीच उठले. यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "आधी वकिलाकडं जाऊन येऊ. काय झालंय ते तरी कळू दे." मी जाऊन धाकटीला तेवढं मांडीवरून उचलून आणलं. मावशी म्हणाल्या, "र्‍हाऊ दे की, खातीया पोर." मी तिला घेऊन आत गेले.

त्याच धाकटीच्या जन्माची गोष्ट सांगते. ती झाली तेव्हा माझी आई वाईला अंथरुणाला खिळलेली होती, माझं बाळंतपण करायला कुणी नव्हतं. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं ते मावशींनी, मला शेक दिला तो मावशींनी, आणि त्या डिंकाचे लाडू वळत असताना मला रडू आलं तेव्हा "रड, दूध फुटतं न्हाई त्यानं," असं उफराटं काहीतरी बोलून हसवलं तेही त्यांनीच. त्या बाईनं आपल्याला न सांगता कोर्टात ओढलं, हे मला गिळता येईना.

वकीलसाहेब म्हातारे होते, राजवाड्याच्या बाजूला एका माडीवर बसायचे. यांचा निरोप मिळताच त्यांनी कोर्टात जाऊन कागद पाहून ठेवले होते. म्हणाले, "समन्सची बजावणी झाली आहे असा बेलिफाचा अहवाल आहे. प्रतिवादी घरी नव्हते, समन्स त्यांच्या आईकडे दिले, अंगठा घेतला."

"माझी आई?" हे म्हणाले. "तिला जाऊन सात-आठ वर्षं झाली."

वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग शेजारच्या कोर्टातून त्या बेलिफालाच बोलावून घेतलं. तो बिचारा साधा माणूस, खाकी सदरा, खाकी पॅन्ट, छातीवर पितळी बिल्ला. त्याला ते घर चांगलं आठवत होतं. म्हणाला, "म्हातारीनं बसवून घेतलं, गवती चहा घालून चहा दिला. माझा लेक कुठं असतो, थंडी किती असते तिकडं, असं विचारत होत्या. मला वाटलं, काहीतरी गैरसमज होतोय. मी विचारलं, तुम्ही कोण? तर म्हणाल्या, मी घरातली म्हातारी. मी समजलो, आई."

गवती चहाचं झुडूप आमच्या नळाशी होतं. यांनी माझ्याकडं पाहिलं, मी यांच्याकडं. कुणाचं नाव घ्यायची गरजच राहिली नाही.

बेलिफ गेल्यावर वकीलसाहेब इतके खूश झाले की त्यांनी आमच्यासाठी सुद्धा चहा सांगितला. म्हणाले, "अहो, वादीनंच प्रतिवादीचं समन्स घेतलं! असं प्रकरण माझ्याकडं आजवर आलं नव्हतं. एक तर घरातल्या बाईकडं समन्स देताच येत नाही, कर्त्या पुरुषाकडंच द्यावं लागतं. त्यात ही बाई स्वतः वादी. आता बघा." आणि त्यांनी अर्ज सांगायला सुरुवात केली. वादीने लबाडीने प्रतिवादीची आई असल्याचे भासवून समन्स ताब्यात घेतले, ते हेतुपुरस्सर दडवून ठेवले, आणि कोर्टाची फसवणूक करून हुकूमनामा मिळवला. "म्हातारी पुन्हा कोर्टाची पायरी चढणार नाही. उलट तिच्यावरच बाजू उलटेल. दहा वर्षं तुम्हाला कुणी हलवत नाही त्या खोल्यांतून."

दहा वर्षं. मला तो आकडा ऐकून किती हायसं वाटलं ते मला आजही आठवतं. कारण अर्ज केला नसता तर काही दिवसांत तोच बेलिफ ताब्याचं वॉरंट घेऊन आला असता आणि आमची भांडी रस्त्यावर आली असती. यांच्या पगारात शहरात दुसऱ्या दोन खोल्या मिळणं तेव्हाही सोपं नव्हतं.

यांनी पेन हातात घेतला आणि तसाच धरून बसले. मग म्हणाले, "उद्या सही केली तर चालेल का?"

आम्ही घराकडं निघालो. गणपतीच्या देवळापाशी आल्यावर हे म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही," मी म्हटलं. "मी तिला विचारणार आहे."

"वकिलांनी सांगितलंय, तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही."

"वकिलांना तिनं न्हाऊ घातलं नव्हतं."

त्या संध्याकाळी मी तरातरा अंगण ओलांडून गेले. मावशी तांदूळ निवडत होत्या. मी दारातूनच विचारलं, "मावशी, खाकी कपड्यातला एक माणूस आला होता ना मागं? कागद देऊन गेला?"

मला वाटलं होतं, चेहरा पडेल. तो उजळला. "आला हुता की. आपल्या पोराच्या पलटनीचाच आसंल. लय गुनाचा मानूस, च्या पिऊन गेला. तुला कुनी सांगितलं?"

"तो कागद कुठाय?"

"ट्रंकेत. कुटं आसनार दुसरा?"

"त्यानं आमच्या यांचं नाव घेतलं नव्हतं का?"

"घेतलं की. मी म्हनलं, कामावर गेल्यात. मला वाटलं, वाचून दाखवायला कुनीतरी हाय का घरात आसं इचारतोय. मिल्ट्रीची मानसं अशी इचारत्यात, बायामान्साला वाचता येत न्हाई म्हून."

त्यांनी स्वतःच कडी काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. सगळ्यात वर एक लांबडा कागद होता, कोर्टाच्या शिक्क्याचा, आणि त्या शिक्क्याच्या बरोबर वर मावशींचं कुंकवाचं बोट. त्याच्याखाली आणखी एक जाड पाकीट, रजिस्टर पोस्टाचं, शिक्के मारलेलं, आमच्याच नावाचं. ती वकिलाची नोटीस. तिच्यावरही कुंकू. दावा लावण्याआधी आम्हाला रीतसर कळवलं होतं, समन्सही रीतसर आलं होतं, आणि दोन्ही मावशींच्या मुलाच्या गरम कोटावर व्यवस्थित घडी करून ठेवलेली होती.

मी तो लांबडा कागद उचलला. राग कुठं गेला मला कळलं नाही. तो दडवलेला कागद नव्हता, जपलेला कागद होता, आणि तो जपून ठेवला म्हणून आमचं घर जात होतं.

"काय लिवलंय?" मावशींनी विचारलं. "पोर बरं हाय न्हवं?"

"तो बरा आहे, मावशी. हा त्याचा कागद नाही."

मी वाचायला लागले. वादी म्हणून त्यांचं नाव आलं, नवऱ्याच्या नावासकट, वय, धंदा घरकाम, राहणार सांगली. मावशी म्हणाल्या, "हे तर माजंच नाव." मी हो म्हटलं. मग यांचं नाव आलं. "आन हे भाऊंचं." मी पुन्हा हो म्हटलं.

"वादी म्हंजी काय गं?"

"ज्यानं दावा लावला तो."

"आन भाऊ?"

"प्रतिवादी. ज्याच्यावर लावला तो."

त्यांनी कागदावरच्या आपल्याच कुंकवाच्या बोटाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "म्या? तुमच्यावर?"

मी मान हलवली. त्यांनी सुपातले तांदूळ उगीचच एकदा सारखे केले. मग भडाभडा बोलायला लागल्या. दिवाळीत मुलगा रजेवर आला होता, तेव्हा टांग्यातून कुठं तरी घेऊन गेला, तीन-चार कागदांवर अंगठा घेतला. "लेकानं अंगठा लाव म्हनलं की लावायचा, आजवर तेच केलं. काय लिवलंय म्हून इचारायची सवंच न्हाई मला." पुढच्या वर्षी तो पेन्शनीवर येणार होता. बायकोपोरांना घेऊन कुठं राहू, म्हणाला होता. खोल्यांचं भाडेकरूंना सांगतो, म्हणाला होता. "मी म्हनलं, तू नगं सांगू, तुजा गळा मोठा. मी सांगते. आन मला कुटं सांगाया झालं?"

तेव्हा मला आठवलं. त्या दिवाळीनंतर मावशी सारख्या वाटी घेऊन यायच्या. कधी वांग्याचं कालवण, कधी डाळकांदा. उंबऱ्यात उभ्या राहायच्या, "बरं का पोरी," म्हणायच्या, आणि पुढं काहीच न बोलता वाटी ठेवून निघून जायच्या. मला वाटायचं, म्हातारपणी बायका अशाच होतात. किती वाट्या आल्या असतील आमच्याकडं, आणि एवढी एक गोष्ट काही येईना.

मुलानं रजा संपत येईतो वाट पाहिली, आई सांगेना, आणि त्याच्यात आमच्यासमोर येऊन बोलायचा धीर नव्हता. मग रहिमतपूरच्या मेव्हण्याच्या नावे मुखत्यारपत्र करून, सगळं वकिलावर सोपवून तो परत पलटणीत गेला. कोर्टात जे घडलं ते मेव्हण्यानं पाहिलं. आम्ही हजर राहिलो नाही म्हणजे आमचं काही म्हणणं नाही, असं तो समजला. यात वाईट कोण, हे मी फार शोधलं. मला कुणी सापडलं नाही.

"जागा तुम्हाला खरंच लागणार आहे ना, मावशी?" मी विचारलं.

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "लागनार हाय गं. खोटं कसं बोलू? पर आशी न्हाई."

मग आम्ही दोघी रडलो. मुलं दारात येऊन उभी राहिली, धाकटी आम्हाला बघून रडायला लागली, आणि शेवटी हे आले आणि सगळ्यांना पाणी देत बसले.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांना यांनी सांगितलं, "अर्जातून लबाडीनं हा शब्द काढा. आणि फसवणूकही काढा."

"मग अर्जात उरतं काय?"

"चूक उरते. त्यांची चूक झाली एवढंच लिहा."

"ते शाबीत कोण करणार?"

"मावशी स्वतः सांगणार आहेत."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्यावर हुकूमनामा मिळवलेली बाई तुमच्या बाजूनं जबानी देणार? तिच्या वकिलाला माहिती आहे का हे?" माहिती होतंच, कारण मावशी सकाळीच त्याच्याकडं जाऊन आल्या होत्या. त्यानं परोपरीनं समजावलं, आजी, तुम्ही जिंकलाय, आता गप्प घरी बसा. मावशींनी त्याला सांगितलं, "मी खेळलेच न्हाई, तर जितीन कशी?"

तारखेच्या दिवशी आम्ही तिघं एकाच टांग्यातून कोर्टात गेलो. मावशींनी पेन्शन आणायला जाताना नेसायचं निळं लुगडं नेसलं होतं. कोर्टाच्या पायऱ्या चढताना त्यांनी माझा हात धरला आणि आत जाऊन उभ्या राहिल्या तरी सोडला नाही. पट्टेवाल्यानं पुकारा केला. जज्जसाहेबांनी वर पाहिलं, विचारलं, "वादी कोण?"

"मीच जी," मावशी माझ्या शेजारून म्हणाल्या.

"आजी, वादीनं त्या बाजूला उभं राहायचं असतं."

"आमी एका घरातली हाय, सायेब. हितंच बरी हाय मी."

कोर्टात कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी मावशींना शपथ द्यायला सांगितली आणि काय झालं ते विचारलं. मावशींनी सगळं सांगितलं, गवती चहासकट. कागद मी घेतला, मिलिटरीचा समजून ट्रंकेत ठेवला, ह्यांना दिलाच नाही, ह्यांचा काही दोष नाही. मग पिशवीतून तो लांबडा कागद काढून पट्टेवाल्याच्या हातात दिला. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला. शिक्क्यावरच्या कुंकवावर त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबली.

"तुम्हाला कळतंय ना आजी," ते म्हणाले, "तुम्ही हे सांगितलंत तर तुम्हाला मिळालेला निकाल रद्द होईल?"

"व्हऊ दे."

"मग तुम्हाला जागा नको आहे का?"

"हवी हाय की. पोरं येनार हायती माजी. पर मागून घीन, सायेब. ह्यास्नी कळलंबी न्हाई आन मी घेतली, आसं कसं?"

मावशींचा हात अजून माझ्या हातात होता. मी आयुष्यात बऱ्याच माणसांचा अभिमान बाळगला, पण असा ऊर भरून आलेला मला दुसरा प्रसंग आठवत नाही. आणि ती बाई त्या क्षणी कायद्यानं माझ्या विरुद्ध पक्षात होती.

हुकूमनामा रद्द झाला. आम्हाला कैफियत देण्यासाठी पुढची तारीख मिळाली. कैफियत म्हणजे दाव्याला प्रतिवादीनं द्यायचं लेखी उत्तर, हे मला तेव्हा समजलं. दाव्यातल्या प्रत्येक कलमाला उत्तर द्यायचं असतं. वकीलसाहेबांची लिहायची रीत ठरलेली होती, कलम अमुक खरे नाही, मान्य नाही, कलम तमुक खरे नाही, मान्य नाही. ते सांगत होते, त्यांचा कारकून लिहीत होता. चौथं कलम आलं. वादीचा मुलगा लवकरच सेवानिवृत्त होणार असून त्याच्या कुटुंबासाठी वादीस सदर जागेची गरज आहे.

"खरे नाही, मान्य नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"खरं आहे ते," हे म्हणाले.

"अहो, ते मान्य केलंत तर दावा संपला. मग तुमच्याकडं राहिलं काय?"

यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या दोन खोल्यांत माझी दोन्ही मुलं रांगली होती. स्वयंपाकघरात मी स्वतः लिंपलेली चूल होती. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटत होतं की मी बोलले असते तर "लिहा, मान्य नाही," असंच बोलले असते. म्हणून मी मान खाली घालून बसले. यांनी कारकुनाला सांगितलं, "लिहा, कलम चार मान्य आहे. फक्त दुसरी जागा मिळेपर्यंत मुदत हवी. थोरल्याचं शाळेचं वर्ष तेवढं पुरं होऊ दे."

उन्हाळ्यात मावशींचा मुलगा रजेवर आला तो आधी आमच्याकडं. आडदांड गडी, पण खुर्चीच्या कडेला पाहुण्यासारखा बसला. म्हणाला, "वहिनी, मला तोंड न्हवतं तुमच्याम्होरं यायला."

माझा राग तेवढा शिल्लक होता. मी म्हटलं, "तोंड नव्हतं तर कान होते ना? आम्ही चार शब्द बोललो असतो, ऐकून घ्यायचे होते. मावशींना कोर्टाची पायरी तरी चढावी लागली नसती."

"खरं हाय, वहिनी," तो म्हणाला, आणि मी दिलेला चहा त्यानं वर न बघता प्यायला. पुढं त्यानं आणि यांनी कोर्टात जाऊन तडजोड लिहून दिली. आमची मुदत ठरवताना तो स्वतःच म्हणाला, पोराची परीक्षा कवा हाय ते आदी बगा.

मुदत संपायच्या आधी आम्ही माधवनगरच्या वाटेवर दीड खोली घेतली. वर पत्रा, नळ लांब. यांना गिरणी जवळ झाली, मला बालवाडी सोडावी लागली. सामान हातगाडीवर चढवताना मावशींनी शेजारणीकडून माझी ओटी भरवली, धाकटीला कडेवर घेतलं आणि गाडीच्या मागोमाग गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आल्या. धाकटी त्यांच्या कडेवरून उतरेना. तिला खेचून घ्यावं लागलं. त्या घराची आठवण काढून मी पुढं कित्येक महिने रडले, यांच्या माघारी. आम्ही योग्य तेच केलं हे मला ठाऊक होतं, आणि तरी रडले.

पत्ता बदलल्याचं आम्ही पोस्टात दिलं होतं, सगळ्यांना कळवलंही होतं. पण वडिलांनी वय झाल्यावर नवा पत्ता कधी लक्षात ठेवला नाही, आणि पोस्टमननं जुनी सवय सोडली नाही. आमचं टपाल त्याच ओसरीवर येत राहिलं. मावशींच्या घरात आता नातवंडं होती, शाळेत जाणारी, चांगलं वाचता येणारी. तरीही आमचं टपाल आलं की मावशी ते देवाच्या फळीवर ठेवत नसत, ट्रंकेकडं तर नेतच नसत. ओसरीवरच घ्यायच्या, पायांत चप्पल सरकवायच्या आणि तशाच निघायच्या. सून म्हणायची, जेवून जावा, ऊन उतरल्यावर जावा. मुलगा म्हणायचा, मी सायकलवरून देऊन येतो. पण त्यांना ते पटायचं नाही.

एकदा वैशाखातल्या दुपारी त्या आमच्या दारात आल्या. चेहरा लालबुंद, लुगडं घामानं पाठीला चिकटलेलं. मी धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. त्यांनी तो घेतला नाही. आधी कमरेचा पदर सोडून आत जपून धरलेला कागद काढला. खाकी लखोटा होता, वर सरकारी शिक्का.

"आदी हे वाच," म्हणाल्या. "पानी मग."

मी उभ्या उभ्या लखोटा फोडला. जुन्या मीटरबद्दल वीज बोर्डाचं काहीतरी होतं, आमच्या कामाचंही नव्हतं. तसं मी सांगितलं.

"कुनी कुनावर लावलेलं न्हाई न्हवं काय?"

"नाही, मावशी. कुणी कुणावर नाही."

मग त्या उंबऱ्यावर बसल्या आणि तांब्या तोंडाला लावला.